माझी आवडती लिव्हर रायफल

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस, आई, मैत्री आणि ‘इंजिनिअरिंगची चार वर्षं’ एवढे चारच विषय फिरत असतात. यंदा म्हटलं, मेकॅनिकलवाल्यांनी मेकॅनिकलचंच काहीतरी लिहावं. म्हणून हा अभ्यास-लेख. विषय ऐकून माझी प्रोजेक्ट पार्टनर म्हणाली, “अगं, मुलीनं रायफलवर लिहायचं? आणि तेही मराठीत? तू तर कॉन्व्हेंटची!” खरं आहे. लिव्हरला ‘तरफ’ म्हणतात आणि फल्क्रमला ‘टेकू’, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर डिप्लोमाहून आलेल्या मुलांकडून कळलं. पण शब्द मस्त आहेत. टेकू म्हटलं की लगेच काहीतरी टेकवलेलं डोळ्यांसमोर येतं, फल्क्रम म्हटलं की फक्त परीक्षा!

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ही निवड कागदावरची आहे. भारतात रायफल ठेवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याशिवाय चालते ती फक्त छोटी एअरगन, म्हणजे ४.५ मिलिमीटरची आणि २० जूलच्या आतली. हा २० जूलचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी स्वतः आजवर चालवलंय ते एनसीसीचं पॉइंट टू-टू, तेसुद्धा पोटावर झोपून मोजक्या गोळ्या. ती बोल्टची रायफल. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर उजवा हात ट्रिगरवरून काढायचा, बोल्टची मूठ वर करायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. मग पुन्हा नेम. तेव्हाच डोक्यात आलं की हात न हलवता हे काम करता आलं तर?

तर मंडळी, हे काम लोकांनी १८६० सालीच करून ठेवलंय. ट्रिगरभोवती जी लोखंडी कडी असते, तीच लांब करून तिची तरफ बनवायची. बोटं कडीत घातलेलीच असतात. हात खाली-पुढे ढकलला की नळीमागचा दरवाजा उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, हॅमर चढतो, नवं काडतूस वर येतं. हात परत आणला की काडतूस चेंबरमध्ये, दरवाजा बंद, कुलूप लागलं. दोन हालचालींत सात-आठ कामं. टीओएमच्या सरांना दाखवलं तर ते एका रायफलवर सगळं सबमिशन काढतील.

तरफ आणि बंदूक ही जोडी सोलापूरकरांना नवी नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, होम मैदानावर गड्डा लागतो, तिथे फुगे फोडायचा स्टॉल असतो. तो फुगेवाला प्रत्येक छर्ऱ्याआधी बंदूक मधेच मोडतो बघा. मोडत नाही, नळीचीच तरफ करून आतली स्प्रिंग दाबतो. टेकू म्हणजे बिजागरीची पिन, बल नळीच्या टोकाला, भार स्प्रिंगचा. म्हणून लहान मुलं नळी बिजागरीजवळ धरून ओढतात तेव्हा जमत नाही आणि फुगेवाला टोकाला धरून दोन बोटांनी केल्यासारखं करतो. माझी आजची निवडही या एकाच प्रश्नावर उभी आहे : तरफ आहे, ठीक, पण ती जोर कुठे लावते?

उमेदवार बरेच आहेत. सगळ्यात नाव झालेली विंचेस्टर. तिची आई म्हणजे १८६० ची हेन्री रायफल, बेंजामिन टायलर हेन्री नावाच्या कारागिराची. नळीखालच्या लांब ट्यूबमध्ये सोळा काडतुसं. पण त्या ट्यूबला खालून उभी चीर होती, त्यातून माती आत जायची. १८६६ च्या मॉडेलमध्ये ती चीर गेली आणि बाजूला काडतुसं भरायची खिडकी आली. मग १८७३ ची, जी काउबॉय सिनेमात सगळ्यांच्या हातात असते. सात लाखांवर बनली.

१८७३ चं कुलूप मला फार आवडतं. ते टॉगल आहे. टॉगल म्हणजे आपला गुडघा. पाय सरळ ताठ ठेवून उभे राहा, डोक्यावर पोतं दिलं तरी गुडघ्याच्या स्नायूला फार काम नाही, वजन हाडातून सरळ जमिनीत जातं. आता गुडघा जरासा वाकवा आणि तेच पोतं घ्या. कळतंय ना? रायफलमध्येही दोन लिंक सरळ रेषेत आल्या की बोल्ट मागे येऊ शकत नाही, आणि लिव्हरने मधला सांधा थोडा खाली ओढला की सगळं अलगद मोडतं. सुंदर. पण गोळी सुटताना मागे येणारा सगळा धक्का त्या लिंक आणि त्यांच्या बारक्या पिना घेतात, म्हणून या रायफलला पिस्तुलाच्या ताकदीचीच काडतुसं झेपायची. जॉन ब्राउनिंगने १८८६ साली यावर उपाय काढला. दाराला आपण उभी कडी सरकवतो तशा दोन पोलादी पट्ट्या वर सरकून बोल्टला अडवतात. लिव्हर फक्त कडी काढते-घालते, धक्का मात्र जाड पोलाद घेतं. त्याचीच १८९४ ची रायफल पुढे सत्तर लाखांवर खपली.

पण ट्यूबवाल्या सगळ्याच रायफलींमध्ये एक गंमत आहे. ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी असतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकलेलं. आणि बुडावर काय असतं? प्रायमर, म्हणजे टिकली! गोळी टोकदार असेल आणि रायफल आपटली तर ट्यूबमध्येच दिवाळी. म्हणून यांच्या गोळ्या चपट्या नाकाच्या, आणि चपटं नाक हवेत लवकर दमतं. मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्या आल्या त्या थेट २००० नंतरच्या दशकात. तोवर दोन रायफलींनी वेगळा रस्ता धरला. १८९९ च्या सॅव्हेजने काडतुसं फिरत्या चरकात बसवली, सूत गुंडाळायच्या रिळासारख्या, आणि वर किती उरली ते दाखवायला छोटी खिडकी ठेवली. आणि १८९५ च्या विंचेस्टरने ट्रिगरच्या पुढे पेटी लावली.

ही १८९५ ची विंचेस्टर आपल्या शेजारच्या राज्यात राहून गेलीय, म्हणून तिच्यासाठी वेगळा परिच्छेद. शाळेच्या लायब्ररीत केनेथ अँडरसन या बंगळूरच्या शिकाऱ्याचं ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’ होतं, १९५४ सालचं. सिस्टर अभ्यासाच्या तासाला ते वाचू द्यायच्या नाहीत, म्हणून जास्तच वाचलं गेलं. अँडरसनची रायफल म्हणजे हीच, पॉइंट फोर-झिरो-फाइव्ह विंचेस्टर, लिव्हरची. जिम कॉर्बेटकडे बोल्टची आणि दुनळी, अँडरसनकडे लिव्हर. रात्री मचाणावर बसलेल्या माणसाला नेम न सोडता दुसरी गोळी भरता येणं म्हणजे काय, ते त्या पुस्तकात बसून कळतं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेला शिकारीला गेले तेव्हा हेच मॉडेल घेऊन गेले होते. पहिल्या महायुद्धात रशियाने जवळजवळ तीन लाख मागवल्या. काडतूसही दांडगं : सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ६७० मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर करून बघा, चार हजार तीनशे जूलच्या पुढे जातं. आपली गड्ड्याची बंदूक २० च्या आत!

इथे माझा वर्गमित्र म्हणाला, “मग संपलं की बे, हीच घे. लेख संपव.” तशी ती जिंकत आलीच होती. पण मी एक परीक्षा ठरवली होती. माझी परीक्षा जुळे सोलापूरची आहे : मे महिना, दुपारचे दोन, ४२-४३ डिग्री, विजापूर रोडकडून येणारी धूळ, आणि यंत्र अडकलंय. यंत्र चालू असताना सगळीच चांगली दिसतात. अडकल्यावर तुमच्या हातात किती जोर उरतो, ते मला बघायचं होतं.

म्हणून माझी निवड मार्टिनी-हेन्री. त्यातही तिचा चौथा मार्क.

ब्रिटिश सैन्याने १८७१ साली घेतलेली ही रायफल. फ्रिडरिख फॉन मार्टिनी याने मागची यंत्रणा दिली, एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीने नळी दिली. (वरचा अमेरिकन हेन्री वेगळा, हा वेगळा. दोघांचा काही संबंध नाही.) हिच्यात मॅगझिन नाही. एका वेळी एकच काडतूस, हाताने ठेवायचं. म्हणून काहीजण हिला लिव्हर रायफलच मानत नाहीत. माझ्या हिशेबी, दरवाजा उघडणं, पुंगळी काढणं आणि स्प्रिंग चढवणं हे सगळं तरफ करत असेल तर ती लिव्हरचीच.

आत काय आहे बघा. नळीच्या मागे एक पोलादी ठोकळा, त्याची बिजागरी मागच्या बाजूला. लिव्हर खाली केली की ठोकळ्याचं पुढचं तोंड खाली झुकतं, जणू कोणीतरी मान खाली घातली. नळीचं तोंड उघडं पडतं. झुकता झुकता ठोकळा एका वाकड्या छोट्या तरफेवर आपटतो, आणि ती तरफ पुंगळीला मागून ढकलून बाहेर फेकते. त्याच वेळी ठोकळ्याच्या पोटातली स्प्रिंग दाबली जाते. काडतूस ठेवायचं, लिव्हर वर. बस. बाहेर हॅमर नाही, काही अडकायला नाही. उजव्या बाजूला थेंबाच्या आकाराचा एक काटा फिरतो, तो सांगतो की रायफल चढलेली आहे. सरावलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा गोळ्या झाडायचा.

आणि धक्का? तो पिनवर येतच नाही. ठोकळ्याची मागची बाजू गोल आहे आणि ती चौकटीच्या तशाच गोल खोबणीत टेकते. खांदा उखळीत बसावा तशी. पिन फक्त जागेवर धरते, भार घेते चौकट. १८७३ च्या टॉगलमध्ये जे बारक्या पिनांनी केलं ते इथे अख्ख्या पोलादाने केलं. म्हणून काडतूस तगडं चालायचं : ३१ ग्रॅमची शिशाची गोळी, सेकंदाला सुमारे ४०० मीटर, म्हणजे अडीच हजार जूलच्या जवळ. आता मघाचे २० जूल आठवा. गोळीचा संवेग ३.९ किलोच्या रायफलला दिला तर रायफल सेकंदाला ३.२ मीटरने मागे येते आणि तिची ऊर्जा येते जवळजवळ २० जूल. दारूच्या वायूचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. म्हणजे कायद्याने जेवढी ताकद एअरगनच्या छर्ऱ्याला पुढे दिलीय, तेवढी इथे नुसती आपल्या खांद्याला मागे मिळते!

आता माझी परीक्षा. खरं सांगायचं तर मार्टिनी तिच्यात पहिल्या फेरीत नापास झाली. सुरुवातीचं काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं होतं, बूड लोखंडाचं. थोड्या गोळ्या झाडल्या की काळ्या दारूची काजळी चेंबरमध्ये साचायची, नळी तापायची, वाळू आत जायची. तो नरम पत्रा फुगून चेंबरला चिकटायचा. लिव्हर ओढली तर कधी नुसतं बूड निघून यायचं आणि पुंगळी आतच. १८८५ साली सुदानच्या वाळवंटात अबू क्ली इथे हे ऐन लढाईत झालं आणि बोंब झाली.

यावर उपाय दोन निघाले. एक, अखंड पितळेची पुंगळी. दुसरा उपाय चौथ्या मार्कचा, १८८८ चा, आणि तो इतका साधा आहे की मला हसूच आलं. लिव्हर लांब केली! टेकू तिथेच, ठोकळा तोच, हाताचा जोर तोच. फक्त दांडा लांब, म्हणून पुंगळीवर येणारं बल जास्त. सातवीच्या पुस्तकातला धडा, नंतर रायफलला लावलेला. एटीकेटी घेऊन पास झालेली विद्यार्थिनी म्हणा हवं तर.

आणि हा उपाय सोलापुरी माणसाला आपोआप पटतो, कारण आपण हापसे बघून वाढलोय. लहानपणी आमच्या भागात नळाला रोज पाणी यायचं नाही, तेव्हा बोअरचा हापसा हाच आधार. हे फार जणांना माहीत नसतं, पण देशभर जो हापसा पोचला, ‘इंडिया मार्क टू’, त्याचा मूळ नमुना ‘शोलापूर पंप’ होता. आपल्याच गावात मिशनच्या लोकांनी घडवलेला, पोलादी, एकाच टेकूचा. त्याआधीचे बिडाचे पंप परदेशातल्या एका शेतकऱ्याच्या घरापुरते केलेले होते. आपल्याकडे दिवसभर अख्खं गाव हापसणार म्हटल्यावर ते मोडायचे. १९७० च्या दशकात युनिसेफ आणि चेन्नईच्या संशोधन संस्थेने शोलापूर पंपावरून मार्क टू उभा केला. त्याच्या दांड्याचं प्रमाण सुमारे आठास एक आहे. हाताने एक किलोचा जोर, आत आठ किलो उचलले. म्हणूनच शाळकरी पोरगीसुद्धा लोंबकळून घागर भरते. फुकट मात्र काही नाही, हातालाही आठपट अंतर जावं लागतं. मार्क फोरच्या लिव्हरलाही तीच किंमत आहे. दांडा लांब, म्हणून हाताचा फेरा मोठा. पोटावर झोपून गोळी झाडताना तो जमिनीला लागायची भीती जास्त. एनसीसीत कोपरं खरचटून घेतलेल्यांना हे लगेच कळेल. जगातल्या बहुतेक सैन्यांनी लिव्हर सोडून बोल्ट धरला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता थोडं कडू. मार्टिनीचं ड्रॉइंग मला आवडतं, तिच्या वाटपाची वही नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं होतं की हिंदी शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्या शिपायाच्या एक पिढी मागे राहिलं पाहिजे. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली. तिथे गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या. त्यांच्याच बाजूने, त्याच उन्हात लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्सकडे जुन्या स्नायडर. लढाई हरली त्याला कारणं अनेक होती, सगळा दोष रायफलवर ढकलणं बरोबर नाही. पण एकाच रांगेतल्या दोन माणसांना दोन वेगळ्या काळातली यंत्रं दिली होती, आणि ती चुकून दिलेली नव्हती. हिंदी पलटणींना मार्टिनी मिळाल्या त्या १८९० च्या दशकात, गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड हे मॅगझिनवालं हत्यार आल्यावर. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीत ३६ व्या शीख पलटणीचे एकवीस जण शेवटपर्यंत लढले ते याच मार्टिनीने. ‘केसरी’ सिनेमा बघताना आमच्या हॉस्टेलच्या मुली रडत होत्या. मी मनात गोळ्या मोजत होते : एक भरा, एक झाडा, एक भरा. समोर हजारो.

माझ्या वर्गमित्राचा शेवटचा आक्षेप असा की, “पाच गोळ्या सोडून एकवाली घेतेस, हे काय इंजिनिअरिंग आहे का?” त्याला उत्तर रेंजवर आहे. युद्धातून निवृत्त झाल्यावर मार्टिनीची यंत्रणा लहान होऊन पॉइंट टू-टूच्या टार्गेट रायफलमध्ये आली. बीएसए कंपनीची ‘मार्टिनी इंटरनॅशनल’ १९८० च्या दशकापर्यंत बनत होती आणि ५० मीटरचे नेमबाज ती वापरायचे. त्यांना एकच गोळी हवी असते, पण ट्रिगर दाबल्यापासून टिकली फुटेपर्यंतचा वेळ कमीत कमी हवा असतो. ठोकळ्याच्या पोटातल्या छोट्या स्ट्रायकरला फार लांब जायचंच नसतं. आता त्या प्रकारात बोल्टच्या रायफली असतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच ५० मीटरला.

तर माझी यादी अशी. पहिली मार्टिनी-हेन्री मार्क फोर. दुसरी १८९५ ची विंचेस्टर, थोडी यांत्रिक कारणांनी आणि बरीचशी अँडरसनच्या पुस्तकामुळे. तिसरी सॅव्हेज, त्या चरकासाठी. १८७३ ची यादीत नाही, पण तिचं टॉगल टीओएमच्या पेपरात आलं तर मी तो प्रश्न सोडणार नाही. आणि गड्ड्यात पुढच्या वेळी फुगेवाल्याकडे गेलात तर नळी टोकाला धरून ओढा, बिजागरीजवळ नाही.